डिसेंबरभर मखमल

"ऋजुताताई, तुमच्या मंडळाकडे नाटकं एकूण किती आहेत?"

तांबोळीसाहेबांचा फोन आला तेव्हा मी नुकतीच जेवायला बसले होते. तांबोळीसाहेब म्हणजे आमच्या गावच्या नगरपरिषदेच्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक. माणूस इतका सभ्य, की प्रयोग चालू असताना शेंगा सोलणाऱ्यालासुद्धा "आपण जरा बाहेरच्या मोकळ्या हवेत बसता का" असं विचारायचे.

मी म्हटलं, "एकच आहे. का हो?"

"नाही, म्हणजे," ते घुटमळले, "एकाच नाटकाचे एवढे प्रयोग लावणार का, असं विचारायचं होतं."

"कसले प्रयोग, साहेब? आम्हाला एकही तारीख मिळाली नाही. सकाळीच बघितलं मी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात ते म्हणाले, "ताई, सगळा डिसेंबर तुमच्या नावावर आहे. सकाळ, दुपार, रात्र. नाताळसुद्धा."

माझ्या हातातला घास ताटात परत गेला.

याला आता सात-आठ वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम गावी घरूनच करत होते आणि दर शनिवारी 'मखमल' नावाच्या हौशी नाट्यमंडळात जात होते. मंडळ म्हणजे आम्ही आठ-नऊ जण. प्रमुख प्रमिलाताई हसबनीस. विमा कार्यालयातून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, आणि नाटक त्यांनी स्वतःच लिहिलेलं: 'आबासाहेब गच्चीवर आहेत'. एक निवृत्त न्यायाधीश घरच्यांवर रुसून खाट घेऊन गच्चीवर जाऊन बसतात आणि कुणी काही केलं तरी खाली येत नाहीत, असं त्याचं कथानक. आबासाहेबांचं काम शेवडेकाका करायचे. भूमापन कार्यालयात आयुष्य गेलेला हा मनुष्य बोलायला एरवी फार मवाळ, पण आबासाहेब म्हणून चिडला की समोरच्याला खरोखर घाम फुटायचा. माझ्याकडे प्रकाशयोजना होती. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात शनिवार-रविवारी तालमी चालायच्या आणि तिथे एकच ट्यूबलाइट, त्यामुळे तालमीत मला काम असं नव्हतं. मी भडंग घेऊन जायचे.

नाटकाच्या तालमी तिसऱ्या वर्षात होत्या आणि प्रयोग एकही झाला नव्हता. कारण एकच, तारीख मिळत नाही. नाट्यगृहाची नोंदणी संकेतस्थळावर व्हायची, दर एक तारखेला सकाळी दहाला पुढच्या महिन्याची खिडकी उघडायची आणि चहा गार व्हायच्या आत सगळ्या तारखा संपायच्या. त्या बहुतेक सर्जेराव घोडके घ्यायचे. घोडके म्हणजे कार्यक्रमांचे ठेकेदार: ऑर्केस्ट्रा, जादूचे प्रयोग, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं त्यांच्यामार्फत. आमच्यात त्यांचं नाव निघालं की प्रमिलाताई खिडकी बंद करायला सांगायच्या.

त्या वर्षी बातमी आली, की जानेवारीपासून नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होणार. आमच्या गावात दुरुस्ती सुरू होते तेव्हा ती कधी संपेल हे विचारायची पद्धत नाही. म्हणजे डिसेंबर हा शेवटचा महिना. शेवडेकाकांचं वय चौऱ्याहत्तर. मी सगळ्यांना म्हटलं, की यंदा तारीख मी मिळवते.

फॉर्म आपोआप भरणारा एक प्रोग्राम मी लिहिला. तो ब्राउझर उघडायचा, मंडळाचं नाव, नोंदणी क्रमांक, हवी ती तारीख भरायचा आणि बटण दाबायचा. माझ्या लॅपटॉपवर छान चालायचा. अडचण गावाची होती. महिन्याच्या एक तारखेला दहाच्या सुमारास एकतर वीज जायची, नाहीतर इंटरनेट. म्हणून तो प्रोग्राम क्लाउडवर चढवायचं मी ठरवलं. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. सिंगापूरमधल्या कुठल्याशा थंडगार इमारतीतल्या कॉम्प्युटरचा एक छोटा तुकडा आपण वापरायला घ्यायचा आणि आपला प्रोग्राम तिथे राहायला पाठवायचा. तिथे बघायला कुणी नसतं आणि पडदाही नसतो. त्यामुळे तिथला ब्राउझर पानं उघडतो, रकाने भरतो, बटणं दाबतो, पण दाखवत काहीच नाही. त्याला हेडलेस ब्राउझर म्हणतात.

हे मी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना समजावून सांगितलं तेव्हा मिलिंद म्हणाला, "म्हणजे बिनडोक." मिलिंदचं औषधाचं दुकान होतं आणि नाटकात तो आबासाहेबांचा मुलगा व्हायचा.

शेवडेकाकांना मात्र ती कल्पना आवडली. "विंगेतला माणूस म्हण की," ते म्हणाले. "दिसत नाही, पण त्याच्यावाचून चालत नाही." मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, की आपण यात कुणाचं काही लुबाडत तर नाही ना. मी सांगितलं, फॉर्म तोच, नियम तेच, फक्त हात जरा चपळ. आणि घेणार आपण एकच तारीख.

सिंगापूरला पोचल्यावर ब्राउझर दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा वागायला लागला. सुरूच होईना. अमुक फाइल नाही म्हणून अडून बसायचा, ती आणून दिली की तमुक मागायचा. सगळ्या दिल्या तर उघडला, आणि जागा कमी पडते म्हणून श्वास कोंडून बंद पडला. त्याला चित्रं उतरवून घेऊ नको असं बजावावं लागलं. मग पान नीट दिसतंय का बघायला मी त्याच्याकडून पानाचा एक फोटो मागवला, तर सगळीकडे चौकोन. नाट्यगृहाच्या नावाच्या जागी चौकोन, सूचनांच्या जागी चौकोन. त्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरंच नव्हती. ती नेऊन बसवली. तिथलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेने चालत होतं, आपल्या मागे, तेही वेळेत ध्यानात आलं आणि दुरुस्त केलं. या घड्याळाबद्दल मला माझं फार कौतुक वाटलं. इतकं बारीक लक्ष ठेवणाऱ्याच्या हातून मोठी चूक होत नाही, असा तेव्हा माझा समज होता.

एकच गोष्ट तपासता येत नव्हती, ती म्हणजे शेवटचं पान. खरी नोंदणी केल्याशिवाय ते येतच नाही. पण पूर्वी एकदा मंडळाच्या वार्षिक सभेसाठी मी नाट्यगृहाचा छोटा हॉल घेतला होता, तेव्हा माझ्या लॅपटॉपवर ते पाहिलं होतं. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, 'आपली नोंदणी झाली आहे'. मी प्रोग्रामला सांगून ठेवलं, की आधी रविवार बघ, मग शनिवार, मग राहिलेले दिवस. एक नोंदणी करून बघायची. हे वाक्य दिसलं की थांबायचं. नाही दिसलं तर ती तारीख गेली समजायचं आणि पुढची बघायची.

एक नोव्हेंबरला दहाला थोडा वेळ असताना गावातली वीज गेली आणि मला फार आनंद झाला. मी फोनवर सिंगापूरचे निरोप बघत बसले. दहा वाजले. 'नाही मिळाली, पुढची बघतो.' हरकत नाही म्हटलं, पहिला रविवार सगळ्यांनाच हवा असतो. 'नाही मिळाली, पुढची बघतो.' मग तीच ओळ पुन्हा, आणि पुन्हा. रविवार संपले, शनिवार संपले, मंगळवारची सकाळसुद्धा नाही. शेवटी 'सगळ्या तारखा संपल्या' असं आलं आणि ते गप्प झालं.

मी प्रमिलाताईंना फोन केला. मला वाटलं होतं त्याहून त्यांनी फारच समजूतदारपणे घेतलं. म्हणाल्या, तू केलंस तेवढं पुष्कळ, तारखाच मिळत नाहीत त्याला आपण काय करणार, आणि शनिवारी नेहमीच्या वेळेला ये. शेवडेकाका फक्त "बरं बरं" म्हणाले. मिलिंद म्हणाला, की त्याने आधीच सांगितलं होतं, बिनडोक.

आणि मग तांबोळीसाहेबांचा फोन.

जेवण टाकून मी नाट्यगृहावर गेले. त्यांनी मला छापील तक्ता दाखवला. महिन्याच्या प्रत्येक चौकोनात मखमल, मखमल, मखमल. घरी येऊन मी सिंगापूरने नोंदणीच्या वेळी काढून ठेवलेला शेवटच्या पानाचा फोटो मागवला आणि एका नजरेत सगळं कळलं. संकेतस्थळ दोन भाषांतलं होतं. नाट्यगृहाचं नाव आणि सूचना कायम मराठीत, पण बाकीचा मजकूर समोरच्या ब्राउझरची भाषा बघून यायचा. माझा लॅपटॉप मराठीत होता, म्हणून मला मराठीत सांगितलं गेलं. सिंगापूरच्या गड्याला मी मराठी अक्षरं नेऊन दिली होती, पण त्याची भाषा मराठी आहे हे सांगायचं राहिलं होतं. त्यामुळे प्रत्येक वेळी त्याला इंग्रजीत अभिनंदन मिळत होतं. तो बिचारा माझं मराठी वाक्य शोधत होता, ते न दिसल्यामुळे नोंदणी झाली नाही असं समजत होता, आणि खाली मान घालून पुढची तारीख घेत होता.

प्रमिलाताईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "घोडक्याला काय मिळालं?"

"काही नाही."

"काहीच नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि त्यांच्या आवाजात मी पूर्वी कधी न ऐकलेला एक गोडवा आला.

नोंदणी पक्की करायला आठवड्याची मुदत असायची. नको असलेल्या तारखा सोडायच्या तर अध्यक्षांच्या, म्हणजे ताईंच्याच, सहीचं पत्र लागायचं. मी म्हटलं, आजच देऊन टाकू. ताई म्हणाल्या, "घाई कशाला? आधी आपली ठरू दे."

पुढचे दिवस चित्रकलेच्या वर्गात दरबार भरला. ज्याला ज्याला डिसेंबरात नाट्यगृह हवं होतं, त्याला तांबोळीसाहेब अदबीने सांगत होते, मखमलला विचारा. नृत्यवर्गाच्या बाई आल्या, निवृत्तांच्या संघटनेचे सचिव आले, एक जादूगार आला. प्रमिलाताई मुलांच्या बुटक्या बाकावर बसायच्या आणि समोरच्याला उभं ठेवून कार्यक्रमाचं स्वरूप विचारायच्या. निवृत्तांना त्यांनी भाषणं कमी करायला सांगितली. जादूगाराला पेटीतल्या बाईचा प्रयोग जुना झाला असं सुनावलं, तर त्याने वहीत लिहून घेतलं. तालीम त्या आठवड्यात झालीच नाही, कारण वेळ कुणाला होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी सर्जेराव घोडके आले. ताई यायच्या होत्या, वर्गात मी एकटीच. मी भांडणाच्या तयारीने उठले, तर त्यांनी बसा बसा म्हटलं आणि स्वतःही एका बाकावर कसेबसे मावले.

"मॅडम, आमची चार पोरं बसत्यात कॉम्प्युटरवर," ते म्हणाले. "तुमची किती बसली?"

मी सांगितलं, एकच, आणि तो सिंगापूरला आहे.

"सिंगापूरला माणूस ठेवलाय?" त्यांच्या चेहऱ्यावर निखळ आदर होता. "एका नाटकासाठी?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते माणसाचं प्रकरणच जास्त पटलं होतं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा, तुमची तारीख कंची ते सांगा. ती सोडून बाकीच्या मोकळ्या करा, शाळांची पोरं खोळंबल्यात. एवढं सिंगापूरपर्यंत जायची काय गरज न्हवती. मी दर वर्षी एक रविवार ताईंसाठी बाजूला ठेवतो. विचारतो पण. त्या नको म्हणत्यात."

"नको म्हणतात?"

"यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. दोन्ही वर्षं हेच."

ते गेले. मी तिथेच बसून राहिले. ताई आल्यावर त्यांना विचारावं असं वाटलं, पण त्यांच्यामागे लगेच बाकीचे आले. त्या दिवशी तारीख ठरवायची सभा होती.

तांबोळीसाहेबांचा तक्ता मी फळ्यावर लावला. सगळा महिना आमचा. मी म्हटलं, बोला, कुठली घ्यायची?

पहिला रविवार मिलिंदला जमत नव्हता, त्याच्या मेहुणीचा साखरपुडा होता. दुसऱ्या रविवारी ट्वेंटी-ट्वेंटीचा सामना होता आणि प्रेक्षक येणार नाहीत असं सगळ्यांचं मत पडलं. त्यापुढच्या शनिवारी अमावास्या होती. नाटकात सून झालेल्या वैजयंतीला तोपर्यंत अमावास्येचं कधी काही वाटल्याचं मला आठवत नव्हतं. नाताळात लोक गोव्याला जातात. एकतीस तारखेला शुद्धीत कुणी नसतं. मधल्या वारांवर चर्चा करताना मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हे तिन्ही वार नाटकाला कसे वाईट हे निरनिराळ्या कारणांनी सिद्ध झालं. मी प्रत्येक वेळी तक्त्यावर पेनने फुली मारत होते. शेवटी तक्त्यात फुल्यांशिवाय काही उरलं नाही. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि प्रमिलाताई, सवयीने, अगदी मनापासून उसासा टाकून म्हणाल्या, "बघा. तारीखच मिळत नाही."

कुणी हसलं नाही. म्हणजे हसू येतंय हे सगळ्यांना कळलं, पण त्याआधी दुसरंच काहीतरी कळलं होतं.

शेवडेकाका कोपऱ्यातल्या बाकावर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "प्रमिलाताई, तिसरा अंक कुठाय?"

मी शनिवारीच जायचे. रविवारी कंपनीचं काही ना काही निघायचं. तिसऱ्या अंकाची तालीम रविवारी होत असेल, असं मी धरून चालले होते. मिलिंद रविवारीच यायचा, शनिवारी त्याच्या दुकानात गर्दी. तो समजत होता, शनिवारी होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ताईंनी पर्समधून कागद काढले आणि पुन्हा आत ठेवले. म्हणाल्या, लिहिला आहे. चार वेळा लिहिला आहे. एकात आबासाहेब मरतात, एकात मुलगा माफी मागतो, एकात भूकंप होतो. चौथा त्यांनी सांगितलाच नाही. "माणूस वर कशाने जातो ते मला कळलं," त्या म्हणाल्या. "खाली कशाने येतो ते जमत नाही. आणि एकदा प्रयोग लागला, की ते सगळ्या गावाला कळणार." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

"मला तर दुसऱ्या अंकाचा उत्तरार्धही पाठ नाही," शेवडेकाका म्हणाले. "तारीख मिळणार नाही याची खात्री होती, म्हणून निश्चिंत होतो. या पोरीने घात केला." आणि ते हसायला लागले. मग सगळेच हसले. ताई पदराने डोळे पुसत हसत होत्या, त्यातलं हसणं किती आणि बाकीचं किती ते मी बघितलं नाही.

हसू ओसरल्यावर काका उठले, फळ्यापाशी आले आणि शेवटच्या रविवारवरची फुली डस्टरने पुसायला लागले. तक्ता छापील होता आणि फुली पेनची होती, त्यामुळे ती काही पुसली गेली नाही. ते म्हणाले, "हीच घ्या. मी चौऱ्याहत्तरचा आहे, मला गोव्याला जायचं नाही."

बाकीच्या तारखांची पत्रं मी दुसऱ्या दिवशी तांबोळीसाहेबांना नेऊन दिली. प्रत्येक पत्र स्वीकारताना ते "आभारी आहे" म्हणत होते. घोडक्यांनी त्यातल्या बऱ्याच घेतल्या आणि नृत्यवर्गाला, निवृत्तांना हव्या त्या मिळाल्या.

तिसरा अंक आम्ही सगळ्यांनी मिळून घडवला, भांडून भांडून. ताईंचा भूकंप आम्ही काढून टाकला. शेवटी जे ठरलं ते असं: आबासाहेबांना खाली आणता येत नाही म्हटल्यावर घरातला एकेक जण आपापली गादी घेऊन वर जातो. मुलगा जातो, सून जाते, स्वयंपाकीणसुद्धा जाते. रुसायला खाली कुणी उरतच नाही. तेव्हा आबासाहेब वैतागून उठतात आणि दाराला कडी लावायला खाली जातात. हे सुचलं वैजयंतीला. ताईंनी ते लिहून काढलं, वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "हा माझा पाचवा खर्डा समजा."

त्या महिन्यात रोज तालीम होती. काका बसस्टँडवर, भाजी घेताना, न्हाव्याकडे, कुठेही संवाद म्हणत असायचे. न्हाव्याने एकदा दाढी अर्धवट टाकून हात जोडले म्हणे, कारण काका त्याला मालमत्तेतून बेदखल करत होते.

प्रयोगाला अर्धं नाट्यगृह भरलं. दरबारात येऊन गेलेले बरेच जण उपकाराची फेड म्हणून आले होते. जादूगार सहकुटुंब होता. घोडके पहिल्या रांगेत पाय लांब करून बसले होते. दुसऱ्या अंकात काकांनी एक अख्खं पान गाळलं, मिलिंद दोन पानं मागे राहिला, आणि काही काळ बाप-लेक निरनिराळ्या नाटकांत बोलत होते. लोक त्यालाही हसले, त्यांना ते लिहिलेलंच वाटलं. तिसऱ्या अंकात वर गाद्या यायला लागल्या तसं हसू वाढत गेलं. मग काका एकटे उठले. सगळे वर झोपलेले. ते जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत, कंबर धरत, पुटपुटत खाली येत होते आणि नाट्यगृहात चिटपाखरूही हलत नव्हतं. माझा हात दिव्याच्या बटणावर होता आणि मी तो हलवायचं विसरले. त्यामुळे अंधार ठरल्यापेक्षा उशिरा झाला. नंतर सगळ्यांनी मला सांगितलं, की तो उशीर फार छान होता.

प्रयोगानंतर रंगपटात एकच गोंधळ होता. काका अर्धी मिशी काढून बसले होते. एवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या, हातात काठी, बरोबर शेजारची मुलगी. शेवडेकाकू. गुडघ्यांमुळे त्या कुठे जात नसत. आमच्यापैकी कुणी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. काकांनी त्यांना प्रयोगाचं सांगितलंही नव्हतं, फजिती झाली तर घरी कळायला नको म्हणून. शेजारच्या मुलीने पोस्टर वाचून त्यांना आणलं होतं.

त्यांनी काकांच्या अर्ध्या मिशीकडे पाहिलं. कोपऱ्यात रचलेल्या गाद्यांकडे पाहिलं. मग एकेक करत आम्हा सगळ्यांचे रंगवलेले चेहरे नीट न्याहाळले. तीन वर्षं दर शनिवार-रविवारी नवऱ्याला डबा बांधून देणाऱ्या त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे खरंच नाटक होतं तर."

काका प्रमिलाताईंकडे बघायला लागले.

ताईंनी काकूंसाठी खुर्ची पुढे ओढली, त्यांची काठी हातात घेतली आणि म्हणाल्या, "आजपासून आहे, वहिनी."